नव्वद सेंटिमीटर

"तिकडे भूकंप वगैरे सुरू आहे का हो?" दुबईच्या साहेबांनी विचारलं.

"नाही सर. टेबल हलतंय."

"जिऑलॉजिस्ट ना तुम्ही? आणि एक टेबल स्थिर करता येत नाही?"

हा प्रश्न मुलाखतीचा भाग होता की साहेब गंमत करत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. साहेब मूळचे कोल्हापूरचे निघाले, त्यामुळे बोलणं मराठीत चाललं होतं. पण लॅपटॉपचा कॅमेरा टेबलाबरोबर डुलत होता आणि त्यांना माझं तोंड कधी दिसत होतं, कधी नुसतं छत. छत पत्र्याचं होतं. ते दिसू नये म्हणून तर मी पांढरी भिंत पाहून बसलो होतो.

"एक मिनिट सर," म्हणालो, आणि टेबलाच्या मागच्या डाव्या पायाखाली घालायला काहीतरी शोधू लागलो. दगड भरपूर होते. शेडमध्ये दगडांशिवाय काहीच नव्हतं. पण आमचे दगड गोल, दंडगोलाकार. त्यांच्यावर टेबल ठेवलं तर ते चालू लागतं. शेवटी समोरच्या पेटीत हात घातला आणि हाताला आला तो लाकडी ठोकळा काढून पायाखाली सरकवला. नेमका बसला. टेबल सह्याद्रीसारखं स्थिर झालं.

"गुड," साहेब म्हणाले. "सांगा, तुमची सध्याची अपेक्षा काय आहे?"

माझी सध्याची अपेक्षा अशी होती की महिन्याला अकरा हजारांच्या जागी एक लाख दहा हजार मिळावेत. पण तसं म्हणायचं नसतं. मी म्हणालो, "शिकायला मिळावं, सर."

माझं नाव गिरीधर खोडके. आईने ठेवताना करंगळीवर डोंगर उचलणारा देव डोळ्यांपुढे ठेवला होता. डोंगर मिळाला, पगार करंगळीएवढा राहिला. यवतमाळहून एम.एस्सी. होऊन मी घाटमाथ्यावरच्या त्या साइटवर लागलो, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी पाठ थोपटून सांगितलं होतं, "खोडके, जिऑलॉजीला मरण नाही." खरं होतं. ज्या शास्त्रात दहा कोटी वर्षं म्हणजे परवाची गोष्ट, तिथे पगारवाढीला काही काळ लागणारच.

साइटवरचं काम समजायला सोपं होतं. डोंगराच्या अलीकडचं पाणी पलीकडे न्यायला बोगदा खोदायचा होता. खोदण्याआधी आत काय आहे ते बघायला वरून बोअर मारायचं, उसाच्या कांड्यांसारखा दगड बाहेर काढायचा, त्या कांड्या लाकडी पेट्यांत क्रमाने मांडायच्या आणि कितव्या मीटरला काय लागलं ते लिहायचं. ते लिहिणारा मी. मशीन चालवणाऱ्या इस्माईलभाईंना बत्तीस हजार होते. शेडला लावलेल्या जनरेटरचं भाडं महिन्याला अठरा हजार होतं. म्हणजे शेडमध्ये जनरेटर माझा सिनियर होता.

माझे माणसांतले सिनियर म्हणजे भंगाळे सर. प्रभाकर भंगाळे, यावल तालुक्यातले, वय त्रेपन्न, अंगावर सगळं मिळून जेमतेम पन्नास किलो. हातोडीच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. असे एकोणीस करार त्यांनी केले होते. माणूस कायम झाला असा कायद्याचा गैरसमज होऊ नये म्हणून तो एक दिवस मध्ये ठेवायचा. त्या दिवशी सर घरी जात नसत. एका दिवसासाठी यावलला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस एसटीत. मग ते दिवसभर कुंपणाबाहेर दगडावर बसायचे आणि तारेच्या पलीकडून आम्हाला सूचना द्यायचे. आत आले असते तर बेकायदेशीर झालं असतं.

"खोडके! ती तिसरी पेटी उलटी मांडू राहिला तू!" ते बाहेरून ओरडायचे.

"सर, तुम्ही आज नाही आहात."

"मी नसलो म्हणून काय दगड सुलटा होईन का रे भो?"

तर, ठोकळा. त्याची गोष्ट आदल्या दिवशीची होती.

आदल्या दिवशी सकाळी चार नंबरच्या बोअरमध्ये त्र्याऐंशी मीटरच्या आसपास मशीनचा आवाज बदलला. इस्माईलभाई कानाने ड्रिल करायचे. त्यांनी हात वर केला. बोअरमधून परत येणारं पाणी एरवी राखाडी असायचं, ते लाल झालं. कुंकू कालवल्यासारखं लाल, आणि दहा मिनिटं तसंच येत राहिलं.

"साब, अंदर मिट्टी है," इस्माईलभाई म्हणाले. "पकड में नहीं आयेगी."

नळी वर काढली तर तीन मीटरच्या जागी दोन मीटर दहाच दगड निघाला. वर काळा दगड, खाली काळा दगड. मधले नव्वद सेंटिमीटर पाण्याबरोबर वाहून गेले होते. आमच्या काळ्या डोंगरात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. तो साबणासारखा असतो. आणि हा पट्टा बरोबर बोगद्याच्या छताच्या उंचीवर होता.

भंगाळे सरांनी वीतभर लाकूड घेतलं, त्यावर शाईच्या पेन्सिलीने लिहिलं: '८३.४० ते ८४.३०, नमुना गेला, लाल माती.' खाली तारीख आणि सही. पेटीत दोन दगडांच्या मधे नव्वद सेंटिमीटर जागा सोडून तिथे ठोकळा ठेवला.

"हे काय रे?" त्यांनी मला विचारलं.

"कोअर लॉसचा ठोकळा, सर."

"मेल्याचा दाखला आहे हा," सर म्हणाले. "पेटीत जे दिसतं ना, ते बोगदा पाडत नाही कधी. जे पेटीत येतच नाही, ते पाडतं. म्हणून पेटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू दगड नाही बुवा. हे लाकूड आहे."

मी वहीत लिहून घेतलं. विद्यार्थी म्हणून मी चांगलाच होतो.

आणि दुसऱ्या दिवशी, दुबईला मी स्थिर दिसावा म्हणून, पेटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू टेबलाखाली घातली. हातात घेतल्यावर मला कळलंच नाही असं म्हणण्याची सोय नाही. पेन्सिलीची अक्षरं दिसली होती. म्हटलं, वीस मिनिटांचा प्रश्न आहे. सर खाली बोअरवर गेलेत, ते यायच्या आत परत ठेवू.

मुलाखत संपता संपता बाहेर दोन गाड्या येऊन थांबल्या.

पहिल्या गाडीतून कुलथे साहेब उतरले. ते आमच्या कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक. नेहमी इस्त्रीच्या शर्टात आणि नेहमी घाईत. दुसऱ्या गाडीतून बोगद्याचं काम देणारे चार पाहुणे उतरले. तपासणी उद्या होती, ती आज झाली, कारण उद्या त्यांच्यातल्या कोणाच्या तरी मेहुणीचा साखरपुडा होता. मी लॅपटॉप मिटला. पाठोपाठ भंगाळे सर चढ चढून धापा टाकत आले.

"चार नंबर दाखवा," कुलथे म्हणाले.

पेट्या बाहेर उन्हात मांडल्या गेल्या. फोटो काढायचे होते. चार नंबरच्या शेवटच्या पेटीपाशी कुलथे थांबले. "इथे दगड कमी दिसतोय."

"नव्वद सेंटिमीटर गेला आहे, साहेब," भंगाळे सर म्हणाले. "लाल माती. ठोकळा ठेवलाय मी."

"कुठे?"

सर खाली वाकले. पेटीत ठोकळ्याच्या जागी रिकामी जागा होती. सरांनी शेजारची पेटी पाहिली, मग पेटीखालची जमीन पाहिली, मग माझ्याकडे.

"खोडके, ठोकळा कुठाय?"

आता इथे मला दोन शब्द बोलायचे होते. 'टेबलाखाली, सर.' एवढंच. टेबल चार पावलांवर होतं. पण त्याच क्षणी कुलथे साहेबांनी विचारलं, "आज शेडचा ताबा कोणाकडे होता? पेटीला हात लावणारा माणूस मला या साइटवर नकोय."

मी म्हणालो, "माहीत नाही, सर. सकाळपासून तसंच होतं."

दुबईचं काही नक्की नव्हतं. हातचं अकरा हजारांचं नक्की होतं. त्या सेकंदाला मी एवढाच हिशेब केला. नंतर पुष्कळ वर्षं तो तपासत आलो, पण उत्तर तेच येतं.

पाहुण्यांपैकी एक म्हणाला, "कुलथे, इथे माती निघाली म्हणजे छताला लोखंडी कमानी लावाव्या लागतील. डिझाइन बदलणार. सहा महिने जाणार."

"माती कुठे आहे?" कुलथे म्हणाले. "तुम्हाला दिसतेय? मला नाही दिसत. पेटी हलवताना दगड पडलाय, एवढंच." ते माझ्याकडे वळले. "मागे जादा दगडांचा ढीग आहे ना? नव्वद सेंटिमीटर आण."

मी आणला. काळा दगड, छान टणक, दोन नंबरच्या बोअरचा. पेटीत बेमालूम बसला. दगडाला आधार कार्ड नसतं, कोणीही कोणाच्याही जागी झोपतो. फोटोग्राफरने फोटो काढला. फोटोत मीही आलो. पेटीमागे, पाटी धरून. पाटीवर लिहिलं होतं: 'बोअर चार, नमुना शंभर टक्के.'

"हे बरोबर नाही, साहेब," भंगाळे सर म्हणाले. आवाज चढवला नाही. तो त्यांना चढवता येत नसे. कुंपणापलीकडून ओरडायचे तेवढाच. "पाणी लाल आलं होतं. माझ्या वहीत लिहिलंय. इस्माईलभाईंना विचारा."

"पाण्याचा फोटो आहे?"

"नाही."

"मग पाणी कसं होतं ते पाणीच सांगेल. तुमची वही घरी ठेवा, भंगाळे. या कागदावर सही करा."

"करणार नाही."

"तुमचा करार चार दिवसांनी संपतोय ना?"

"संपतोय."

"मग जरा विचार करा. एक दिवसाचा ब्रेक कधी कधी लांबतो."

चहा आला. चहा शेडमध्ये घेतला. कुलथे साहेब टेबलाशी बसले, दोन्ही कोपरं टेकवली, कप ठेवला आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा! आज हे हलत नाहीये. कोणी दुरुस्त केलं?"

भंगाळे सर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत होते. मग उठले, चहा एका घोटात प्याले आणि म्हणाले, "टेबल ठीक आहे. चांगलं झालं."

कागदावर सही मी केली. 'पाहणी करणारा भूशास्त्रज्ञ: गि. ना. खोडके.' तोवर माझ्या सहीला कोणी कधी किंमत दिली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा दिली.

चार दिवसांनी भंगाळे सरांचा एक दिवसाचा ब्रेक सुरू झाला. सवयीने ते कुंपणाबाहेर दगडावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आत यायला निघाले तर फाटकावरच्या माणसाने यादी दाखवली. यादीत नाव नव्हतं. ते पुन्हा जाऊन दगडावर बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना डबा नेऊन दिला.

"सर, घरी जा."

"जातो ना. पाच नंबरची पेटी उन्हात ठेवू नको, लाकूड फाटतं." मग म्हणाले, "तुझी मुलाखत कशी झाली रे?"

मला वाटलं होतं मुलाखतीचं कोणालाच माहीत नाही. मी म्हणालो, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"शर्टाला इस्त्री होती त्या दिवशी. खालून लेंगा."

"अजून कळवलं नाही त्यांनी."

"कळवतील. आणखी काही सांगायचं आहे का?"

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले आणि डबा उघडून बटाट्याची भाजी बघितली. "मीठ जास्त आहे." अजून चाखली नव्हती.

दुबईने नंतर कळवलं की त्यांनी ती जागाच रद्द केली आहे. ठोकळा मी टेबलाखालून काढला आणि आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातला. पाणी चांगलं तापलं. टेबल पुन्हा हलायला लागलं. पण तोवर मला कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसात दुसरं टेबल मिळालं होतं. कायम नोकरी, अडतीस हजार. आईने गल्लीत पेढे वाटले आणि मुलगा सरकारी धरणावर साहेब झाला असं सांगितलं. यात तीन चुका होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही.

दोन वर्षं गेली. बोगदा दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होता. कागदावर डोंगर उत्तम होता, माझ्या सहीने.

मग एका दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"गिरी? भंगाळे बोलतोय."

"सर! कुठे आहात?"

"कुठे असणार? बोगद्यात." ते हसले. बोगदा खोदणाऱ्या ठेकेदाराने त्यांना रोजंदारीवर घेतलं होतं. "यांच्या हजेरीबुकात भूशास्त्रज्ञ हा शब्दच नाही बुवा. म्हणून 'हेल्पर' लिहिलंय. काही बिघडत नाही. दगड काही हजेरीबुक वाचत नाही. ऐक. परवा आम्ही तोंडापासून सातशे मीटरला पोचतो. चार नंबरच्या खाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"छताला लोखंडी कमानी लावल्या तर काही होणार नाही. पण यांना माझ्या सांगण्यावर लावता येत नाहीत. कागदावर शंभर टक्के दगड आहे ना. तुझ्या सहीचं एक पत्र दे. 'फेरतपासणी करावी,' एवढीच ओळ. बाकी मी बघतो."

"सर, ते... कुलथे साहेबांना विचारावं लागेल."

"विचार की."

"बघतो, सर."

"बरं. बघ." मग म्हणाले, "तब्येत सांभाळ. नाशिकचं पाणी जड आहे."

मी पत्र लिहिलं. खरंच लिहिलं. ईमेल तयार केला, ओळ एकच, स्पेलिंग दोनदा तपासलं. पण त्या आठवड्यात पगारवाढीच्या मुलाखती होत्या आणि पहिली ओळ वाचून कुलथे दुसरा प्रश्न काय विचारतील ते मला माहीत होतं: 'मग तेव्हा सही का केलीस?' म्हटलं, शुक्रवारी पाठवू. मुलाखत गुरुवारी होती.

गुरुवारी मुलाखत चांगली झाली. दहा टक्के वाढ मिळाली. बाहेर आलो तर शिपायाने सांगितलं, बोगदा बसला.

काय झालं ते मला इस्माईलभाईंनी नंतर सांगितलं. त्या सकाळी पाळीचे सगळे मजूर आत जायला निघाले होते. भंगाळे सरांनी त्यांना तोंडाशीच थांबवलं. "थांबा रे. आधी मी वाजवून येतो." हातोडीने छत ठोकत जायचं आणि ऐकायचं, ही त्यांची जुनी पद्धत. घट्ट दगड खणखणतो, पोकळ दगड बद्द वाजतो. मजूर बाहेर विड्या ओढत आवाज ऐकत होते. खण, खण, खण. मग एकदा बद्द. मग सर ओरडले, "येऊ नका रे!" त्यानंतर हातोडी वाजली नाही.

चौदा माणसं बाहेर होती. चौदाही वाचली. आत एकटा हेल्पर होता.

नुकसानभरपाई हेल्परच्या रोजाने ठरली. अपघाताचा भूशास्त्रीय अहवाल लिहायला अर्थातच भूशास्त्रज्ञ लागतो, तो मी लिहिला. निष्कर्षात कुलथे साहेबांनी सांगितलेले शब्द घातले: 'अनपेक्षित भूगर्भीय परिस्थिती.' हे शब्द फार चांगले असतात. त्यांच्यामुळे कोणाचीच चूक राहत नाही आणि ठेकेदाराला वाढीव दर मिळतो. अहवाल नीट झाला म्हणून मी वरिष्ठ भूशास्त्रज्ञ झालो.

दीड महिन्याने कंपनीला वाटलं की भंगाळे यांनी इतकी वर्षं काम केलं तर काहीतरी करावं. म्हणून काचेच्या चौकटीत एक सन्मानपत्र केलं आणि ते पोचवायला मला पाठवलं. सन्मानपत्रात लिहिलं होतं: 'ज्येष्ठ भूगोलतज्ज्ञ कै. प्रभाकर भंगाळे.' मी कुलथेंना चूक दाखवली. ते म्हणाले, "अरे, चौकट बसवून झालीय."

यावलच्या अलीकडे, केळीच्या बागांच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर. काकूंनी चौकट हातात घेतली, पदराने पुसली आणि न वाचता फळीवर ठेवली. फळीवर आधीच हातोडी होती. दांड्याला सायकलची ट्यूब. शेजारी सरांचा फोटो. फोटोत ते अगदी सरळ बसले होते, कोणीतरी सूचना दिल्यासारखे.

"बसा," काकू म्हणाल्या. "शेवभाजी करते. जेवल्याबगर जाऊ नका. ते तुमचं नाव घेत राहायचे." आणि आत गेल्या.

सरांची मुलगी मृणाल समोर येऊन बसली. बारावी झालेली. वडिलांसारखीच सडपातळ, वडिलांसारखीच थेट. मी तिला माझं कार्ड दिलं. कार्ड नवीन होतं, देण्याची हौस होती. तिने नीट वाचलं.

"मला जिऑलॉजी घ्यायची आहे, सर," ती म्हणाली. "आई नको म्हणते. ती म्हणाली, येणाऱ्या साहेबांना विचार. स्कोप आहे का यात?"

हा प्रश्न मला ठाऊक होता. कॉलेजातली मुलं विचारत असतात आणि माझं भाषण पाठ आहे. मी सुरू केलं. तेल आहे, खाणी आहेत, भूजल आहे, आता तर मेट्रोचे बोगदे आहेत. सुरुवातीला पंधरा-वीस हजार मिळतात, टिकून राहिलं की वाढतं.

"तुमचं किती आहे?"

"आता बावन्न."

"बाबांचं शेवटी दिवसाला चारशे दहा होतं." ती तक्रार करत नव्हती. तुलना करत होती. "दोघांचं शिक्षण तेच. मग तुमचं कशाने वाढलं?"

"अनुभवाने," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि उठून आतून एक वही आणली. खाकी पुठ्ठ्याची, कोपरे ओल लागून फुगलेले. "बाबांच्या वह्या वाचूनच मला घ्यावंसं वाटलं. सगळं कळतं, फोड करून लिहिलेलं आहे. एके ठिकाणी मात्र अडलं. तुम्ही सांगाल म्हणून खूण घालून ठेवलीय."

तिने वही माझ्यापुढे धरली नाही. स्वतःच वाचू लागली. वडिलांची अक्षरं दुसऱ्याच्या हातात द्यायची तिला सवय नसावी.

"'बोअर चार. ८३.४० ते ८४.३० लाल माती. पेटीत खोटा दगड भरला. सही केली नाही.' इथवर कळलं. पुढे लिहिलंय: 'ठोकळा गिरीने घेतला आहे. टेबलाच्या मागच्या डाव्या पायाखाली पाहिला. पोराची मुलाखत होती. सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. मी सांगणार नाही. तो सांगेल. पोरगा चांगला आहे.'"

आत फोडणी तडतडली. मी हातोडीकडे बघत राहिलो.

"मग पुढची दोन वर्षं रोज फक्त दगडांचं आहे," मृणाल पानं उलटत म्हणाली. "गिरीचं काही नाही. एकदम शेवटच्या पानावर आहे. बाबा गेले त्याच्या दोन दिवस आधीचं." तिने बोट ठेवून वाचलं. "'गिरीला फोन केला. बघतो म्हणाला.'"

तिने वही मिटली. दुसऱ्या हातात माझं कार्ड होतं. तिने ते पुन्हा एकदा वाचलं, नाव, हुद्दा, खालचा पत्ता, सगळं.

"गिरी म्हणजे तुम्हीच ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच."

चार पावलांवरचे दोन शब्द मी असे दोन वर्षांनी बोललो, तेही तिने विचारल्यावर. तिने कार्ड वहीत घातलं, खुणेच्या पानात, आणि वही मांडीवर ठेवून दोन्ही हात त्यावर ठेवले. सर पेटी मिटल्यावर असेच हात ठेवायचे.

आतून काकूंचा आवाज आला. "मृणाल, साहेबांना विचारलंस का गं? आहे का स्कोप?"

मृणाल माझ्याकडे बघत होती.

"विचारलं," ती म्हणाली. "आहे म्हणतात."